शिव्यांवर पोसलेला अनंत

गावी राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी मला शिव्या घालून उठवण्यात आलं.

नुकतंच उजाडत होतं. ठाण्याच्या एका कचेरीत आयुष्य घासून मी निवृत्त झालो होतो, मालवणजवळच्या आमच्या वाडीत वडिलांच्या वाट्याला आलेल्या जमिनीवर दोन खोल्या बांधल्या होत्या, आणि यापुढे कुणाच्या बापासाठी लवकर उठायचं नाही असं ठरवून आदल्या रात्री आडवा झालो होतो. तेवढ्यात खिडकीबाहेरून, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून, एक खणखणीत बायकी आवाज आला.

"ऊठ मेल्या. सूर्य ढुंगणार इलो, घंटा झाली, तरी तुझा आपला सुशेगाद. खावचा, पिवचा आणि आळसावन ऱ्हवाचा. कवडीचो उपयोग नाय तुझो. चुलीत घालतलंय तुका एक दिवस."

मी ताडकन उठून बसलो. कसली घंटा ते कळलं नाही, पण बाकीच्यातलं एकही वाक्य मला लागू पडत नाही असं काही म्हणता येईना. शेजारी माझी बायको शुभा डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडली होती. ती म्हणाली, "गाव लहान असतं हे माहीत होतं. पण तुमच्याबद्दल इतक्या लवकर कळलं?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मी निमूटपणे उठायचो, तोंड धुवायचो, अंगणसुद्धा झाडायचो. शेवटी धीर करून एका सकाळी खिडकीच्या फटीतून पाहिलं. माझ्या आणि शेजारच्या घराच्या मध्ये पुरुषभर उंचीचा एक अनंत उभा होता. हिरवीगार, तुळतुळीत पानं, आणि दसरा उलटला तरी अंगावर पांढरीशुभ्र फुलं. त्याच्यासमोर एक काटक, काळीसावळी बाई. लुगडं खोचलेलं, काखेत कळशी, आणि मोकळ्या हाताचं बोट अनंताच्या तोंडासमोर. म्हणजे त्याला तोंड असतं तर तिथंच असतं. शिव्या संपल्यावर तिनं कळशी त्याच्या बुडाशी रिकामी केली, एक फूल खुडून अंबाड्यात खोवलं आणि काही घडलंच नाही अशी निघून गेली.

ही आमची शेजारीण, आवडाकाकी.

आवडाकाकीनं जन्मभर मालवणच्या बाजारात मासे विकले. गुडघ्यांनी संप केल्यावर टोपली सुटली, आवाज सुटला नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलता मुलगा विनू मस्कतला. घरात काकी, एक मांजर आणि तो अनंत. मांजरालाही शिव्या होत्या, पण त्या दुय्यम दर्जाच्या. पहिला मान अनंताचा. शिव्यांशिवाय झाड फुलत नाही असं तिचं मत होतं, आणि त्या अनंताकडे पाहिल्यावर वाद घालायची सोय नव्हती. शेजारच्या बाबलनं एकदा आपल्या अंगणातल्या अनंतावर हा प्रयोग करून पाहिला. बाबल मासेमारी करतो, शब्दांची त्याच्याकडे कमतरता नाही. झाड महिन्यात वाळलं. काकी म्हणाली, "मेल्या, तुझ्या गाळींत माया खंय होती?"

इथं काकीचा कायदा सांगायला हवा. काकी शिव्या फक्त आपल्या माणसाला द्यायची. परक्याला ती 'तुमी' म्हणायची, आणि त्याच्यासाठी पडवीत खिळ्याला टांगलेली लाल प्लॅस्टिकची खुर्ची उतरायची. "गाळ घालूक नाता लागता," हे तिचं ठरलेलं वाक्य. मी पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा ती खुर्ची उतरली, पदरानं पुसली गेली, आणि "बसा हां, सायबानू. च्या घेतलात काय?" असा मधाळ आवाज ऐकू आला. मला फार बरं वाटलं. आपण नापास झालो आहोत हे कळायला काही दिवस लागले.

शुभा मात्र महिन्याभरात पास. तिनं एकदा बांगड्याचं तिखलं करून वाटीभर काकीकडे नेलं. त्यात तिरफळं घालायची राहिली होती. काकीनं एक घास घेतला आणि पडवीतून ओरडली, "गो बाये, फुकट मेलो गो ह्यो बांगडो. तुझ्या हातात येण्यापरास जाळ्यातसून सुटलो असतो तर बरो." शुभा घरी आली ती चेहरा उजळून. "मला गो म्हणाल्या," ती म्हणाली. तेव्हापासून तिच्यासाठी खुर्ची खाली आली नाही. ती पायरीवर बसायची, शिव्या आणि सोलकढी दोन्ही घेऊन यायची. मी खुर्चीवर. गुडघे जुळवून, बशीत बिस्किटं.

दर शुक्रवारी दुपारी काकीला एक फोन यायचा. ती पदर नीट करायची, उभी राहायची, आणि चक्क पुस्तकी बोलायची. "हां, हां. मी बरी आहे. तुम्ही जेवलात ना? काळजी करू नका हां. ठेवते." मला वाटलं, ओरोसच्या कुठल्यातरी कचेरीतून साहेबाचा फोन असावा. शुभानं सांगितलं, "विनू असतो तो. तिकडे शुक्रवारी सुट्टी."

मी म्हटलं, "पोटच्या मुलाला तुम्ही?"

"मीही विचारलं. म्हणाल्या, लांबच्या माणसाला कशी शिवी घालायची, फोन महाग."

आता फोन कुठला महाग. पण तो विषय तिथंच राहिला, कारण मध्येच माझा पराक्रम घडला.

मुंबईकडून गावी आलेला माणूस स्वस्थ बसत नाही. त्याला आधी विहिरीत पंप लागतो, मग जमिनीची मोजणी लागते. मला चिऱ्यांचा गडगा घालायचा होता. आमच्याकडे गडगा म्हणजे नुसती हद्दीची भिंत नव्हे, तो माणसाच्या अस्तित्वाचा पुरावा असतो. मी रीतसर मोजणी मागवली. साहेब आले, यंत्र लावलं, एक डोळा मिटून दोन्ही घरांकडे बराच वेळ पाहिलं आणि खुंटी ठोकली. खुंटी गेली अनंताच्या पलीकडे, काकीच्या अंगणात दोन हात आत. म्हणजे अनंत माझा झाला.

बघायला बाबल आला होताच. तो म्हणाला, "तात्यानू, नीट बघा. काकी पण तुमच्याच वाट्याक इली आसात."

मी हसलो. काकी हसली नाही. तिनं खुंटीकडे पाहिलं, अनंताकडे पाहिलं आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी नऊ वाजता उठलो. बाहेर शांतता होती, तीही अशी की कान दुखावेत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच. शुभानं माझ्याशी बोलणं बंद केलं. अनंत पाण्यावाचून उभा होता. मी घातलं, पण त्याला ते पाणी वाटलं नसावं. फुलं थांबली. शेवटी मी काकीकडे गेलो. खुर्ची उतरली, पुसली गेली.

"काकी, खुंटी आपली सरकारी. झाड तुमचंच. पाणी घाला, फुलं तोडा, हव्या तेवढ्या शिव्या घाला."

"नको, सायबानू. दुसऱ्याच्या जमनीतल्या झाडाक गाळ कशी घालूची?"

"मग मी गडगा अलीकडे घेतो. तेवढी पट्टी तुमची."

"जमीन दान घेवक मी काय देवस्थान?"

"मग करायचं काय?"

काकीनं चहाचा कप माझ्या हातात दिला. "अनंत माझो, जमीन तुमची. मिरगाक तेका माझ्या अंगणात न्हेतलंय. जगलो तर माझो, मेलो तर देवाचो. बिस्किट घ्या."

वाडीत बातमी पसरली आणि प्रत्येकानं मान हलवली. बाबल म्हणाला, "जुन्या झाडाची जागा बदलूची म्हणजे म्हाताऱ्या माणसाक मुंबयक न्हेवचा. न्हेतत कौतुकान, आणि मगे बातमी येता." मला रात्रंदिवस एकच चित्र दिसू लागलं. अनंत वाळलेला, आणि मी मरेपर्यंत त्या लाल खुर्चीवर, गुडघे जुळवून, बिस्किटं खात. म्हणून मी जाहीर केलं की झाड हलवायचं काम मी अंगावर घेतो.

मी व्हिडिओ पाहिले. कुठल्यातरी थंड देशात एक टोपीवाला गृहस्थ लोण्यातून सुरी काढावी तसं झाड जमिनीतून काढत होता. आमच्याकडे उन्हाळ्यात जमिनीला पहार लागली की ठिणगी उडते. शिमग्यानंतर काकीनं कोयता घेऊन अनंताच्या एका बाजूची मुळं तोडली आणि चरात पालापाचोळा भरला. वैशाखात दुसऱ्या बाजूची. सगळी एकदम तोडली तर झाड घाबरतं, हे व्हिडिओतही होतं आणि काकीलाही ठाऊक होतं. फक्त टोपीवाला ते हसत सांगत होता आणि काकी दातओठ खाऊन, मुकाट्यानं करत होती. माझ्या जमिनीत उभं राहून ती झाडाशी एक शब्द बोलली नाही.

खड्डा मी खणायचा होता. पहिला खणला काकीच्या तुळशीजवळ. हातभर खाली कातळ लागला. दुसरा खुंटीच्या पलीकडे, काकीच्या हद्दीत. तिथं तर कातळावर पहार आपटून असा आवाज झाला की दुसऱ्या वाडीत गेलेला बाबल तिथून विचारायला आला, कोण गेला म्हणून. तो खड्डा नंतर बुजवू म्हणून मी तसाच सोडला. ह्या खड्ड्याशी पुढे गाठ पडणार आहे.

मग काकीनं स्वतः जागा दाखवली. तिच्या घराच्या पूर्वेच्या, आमच्याकडच्या अंगाला एक खोली होती, कायम बंद. काकी ती रोज झाडायची, पुसायची आणि पुन्हा कडी लावायची. त्या खोलीच्या खिडकीखाली बोट दाखवून ती म्हणाली, "थंय."

"इथं सकाळचं ऊन थेट येणार, काकी. अनंताला जरा सावली—"

"थंयच, सायबानू."

तिथं माती मऊ लागली. कातळही जणू काकीला विचारून खाली सरकला होता.

मृग बसून पावसानं जमीन भिजवली, आणि एका ढगाळ सकाळी आम्ही कामाला लागलो. पण कुदळ मारण्याआधी गाऱ्हाणं घालायचं होतं. आमच्याकडे प्रत्येक जमिनीला न दिसणारा एक राखणदार असतो, आणि त्याच्या हद्दीतून काही हलवायचं तर त्याला सांगावं लागतं. जमीन माझी, म्हणून गाऱ्हाणं मी घालायला हवं होतं. मला त्यातलं फक्त 'व्हय म्हाराजा' येत होतं. काकी म्हणाली, "तुमी तेवढाच म्हणा. बाकीचा मी सांगतंय." नारळ ठेवला, तिनं हात जोडले.

"बा राखणदारा म्हाराजा, आज ह्यो अनंत तुझी हद्द सोडून माझ्या हद्दीत येता."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

"तेचा काय एक चुकला नाय. चुकला ता ह्या घरच्या मालकाचा. बरा चाललला आसताना तेना मोजणी करून घेतल्यान."

मी थांबलो. बाबलनं मला कोपर मारलं.

"व्हय म्हाराजा."

"तेका अक्कल कमी, पण मन वायट नाय."

"व्हय म्हाराजा," हे बाबलच माझ्याआधी म्हणाला. शुभाही म्हणाली.

"तर तेका थोडी अक्कल दी, माझ्या झाडाक पान फुटांदे, आणि जा काय चुकलामाकला आसात ता पदरात घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मी शुभाला हळूच विचारलं, "ही शिवी धरायची का?" ती म्हणाली, "नाही. ही वरिष्ठांकडे तक्रार झाली."

मुळांभोवतीचा मातीचा गोळा टोपीवाल्याच्या गोळ्यापेक्षा बराच मोठा निघाला. तो फुटला तर सगळंच संपलं. बाबलनं आपलं जुनं जाळं आणलं, गोळ्याखालून सरकवलं आणि सुरमई बांधावी तसं आवळून टाकलं. मी दोन बांबू आणले आणि त्यांच्यावर झाड आडवं बांधायला लागलो. काकीनं माझा हात धरला.

"सायबानू, ही तिरडी आसा."

मग बांबू एकच ठेवला, जाळ्याच्या गाठी त्याला अडकवल्या आणि झाड उभंच्या उभं उचललं. पुढं बाबल, मागं मी, फांद्या सावरायला शुभा, आणि सर्वांत पुढं, वाट मोकळी करत, काकी. रस्त्यानं जाणारे दोघंचौघं थांबले, त्यांतल्या एकानं सवयीनं हात जोडले. पालखीच होती ती. मलाही ऊर भरून आला. ऊर भरून आला की मी खाली बघत नाही. खुंटी ओलांडली, आणि माझा पाय त्या न बुजवलेल्या खड्ड्यात गेला.

खड्डा कातळाचा, त्यात पावसाचं पाणी हंडाभर नव्हे, न्हाणीभर साठलेलं. मी पाठीवर पडलो, बांबू निसटला आणि अनंत जाळ्यासकट माझ्या छातीवर बसला. मी त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं. पाणी कानात जात होतं, एक फांदी नाकात होती, पण गोळा फुटला नव्हता. मातीचा एक कणसुद्धा सुटला नव्हता. आयुष्यात प्रथमच मी काहीतरी पडू दिलं नव्हतं, आणि त्यासाठी मला स्वतःलाच पडावं लागलं होतं.

काकी धावत आली. मी डोळे मिटून घेतले. आता येणार, मी मनात म्हणालो. मेल्या तरी येईलच.

"तुमका लागला काय हो, सायबानू?" काकी म्हणाली.

पाठीपेक्षा ते जास्त लागलं.

अनंत खिडकीखाली उभा राहिला. माती दाबली, फांद्या छाटल्या, निम्मी पानं काढली. काकीनं बुडाशी सुक्या माशांचा चुरा पुरला, आणि त्या वासानं वाडीतली सगळी मांजरं खतासाठी जमा झाली. मी काठी घेऊन पहाऱ्याला बसलो. जोराचा वारा सुटला तेव्हा त्याच्यावर माझी छत्री बांधली; ती छत्री पुढे बाबलला खाडीत सापडली. पण पानं पिवळी पडू लागली. रोज सकाळी झाडाखाली थोडी जास्त. आषाढ अर्धा सरला तेव्हा अनंताच्या नावानं चार काटक्या उभ्या होत्या.

खरी भीती त्याची नव्हती. झाड आता काकीच्या स्वतःच्या जमिनीत होतं, शिव्यांना कसलीच आडकाठी नव्हती, तरी पहाटे एकही शिवी ऐकू येत नव्हती. एकदा मी नव्यानंच घातलेल्या गडग्याआडून ऐकलं. काकी त्या काटक्यांसमोर वाकून हळू आवाजात विचारत होती, "आता कसा वाटता तुमका? पाणी हाडू? काय व्हया तर सांगा हां."

मी घरी जाऊन शुभाला सांगितलं. ती स्वयंपाक सोडून खाली बसली. "'तुम्ही' म्हणाल्या? झाडाला?"

"काय हवं ते सांगा, असंही."

"मग संपलं," शुभा म्हणाली.

मीही मनानं संपवलं होतं. पण सवय म्हणून रोज जाऊन उभा राहायचो. श्रावणात एका सकाळी असाच उभा होतो आणि मला दिसलं, की एका काटकीच्या टोकाला हिरवी, वळवळती अळी बसली आहे. मेलेल्या झाडालाही सोडत नाहीत, म्हणून मला संताप आला. मी दोन बोटांनी ती चिमटीत धरली आणि खुडून टाकली. हातात घेऊन पाहिली. अळीला पाय नव्हते. अळीला दोन इवलीशी पानं होती.

मग एकाच वेळी दोन गोष्टी कळल्या. अनंत जगला होता, आणि त्याचा पहिला कोंब मी मोडला होता. ह्यातली कुठली आधी सांगायची हे न ठरवताच मी ओरडत पडवीकडे पळालो. "काकी, फुटला. काकी, अनंत फुटला."

काकी बाहेर आली. मी तळहात पुढं केला. तिनं कोंबाकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि मग मालवणचा सगळा बाजार तिच्या गळ्यातून बाहेर पडला.

"शिरा पडली तुझ्या तोंडार, वशाड मेल्या. डोळे फुटले तुझे? सगळो पावस झाड एक पान काढूक मरता, आणि तू ता खुडून माका दाखवक येतंस? अकलेचो कांदो. मोजणी करून झाली, खड्ड्यात पडून झाला, आता ह्या एक ऱ्हवलला. खंयच्या म्हूर्तार तुझ्या आवशीन तुका जल्माक घातल्यान रे—"

मी उभा होतो, छाती काढून, हात खाली, शाळेत बक्षीस घेताना उभा राहिलो नव्हतो तसा. रे म्हणाली. तू म्हणाली. मेल्या म्हणाली, वशाडासकट. शुभा गडग्यापाशी आली होती, तिनं पदर तोंडाशी धरला होता आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. हसण्याचं की काय, मी विचारलं नाही. बाबल रस्त्यावरून ओरडला, "तात्यानू, लागली एकदाची."

काकी श्वास घ्यायला थांबली, मग वळून अनंताकडे गेली. "आणि तू रे, मेल्या. मरणाचा सोंग घेवन उभो. सगळी वाडी तुझ्यापायी उपाशी, आणि तुझा आपला सुशेगाद."

त्या आठवड्यात अनंत दहा जागी फुटला. चतुर्थीच्या तोंडावर एका फांदीला एक कळी धरली, हिरवी, पीळ दिलेली. काकी तिला सकाळ-संध्याकाळ दम द्यायची.

चतुर्थीला दोन दिवस असताना विनू आला. कित्येक चतुर्थ्या तो आला नव्हता. सुट्टी मिळत नसे. गोव्याच्या विमानतळावरून गाडी करून आला. चांगला दांडगा, डोक्यावरचे केस मागे सरकलेले. काकी पदर नीट करून उभी राहिली. पडवीतली लाल खुर्ची खाली आली, पुसली गेली.

"बसा ना," काकी म्हणाली. "प्रवास बरा झाला? चहा घ्याल?"

विनू स्वतःच्या घरात त्या खुर्चीवर गुडघे जुळवून बसला, बशी सांभाळत. "त्रास नको घेऊ," तो म्हणाला. "त्रास कसला," ती म्हणाली. दोघंही एकमेकांपेक्षा जास्त सभ्य. जुन्या कैद्यानं नव्या कैद्याकडे पाहावं तसं मी त्याच्याकडे पाहिलं. बंद खोलीची कडी निघाली होती, तिथं त्याचं अंथरूण घातलेलं होतं, नवी चादर, नवी उशी.

चतुर्थीच्या सकाळी कळी उमलली. काकीनं ते फूल दोन्ही हातांनी नेऊन गणपतीच्या पायाशी ठेवलं आणि आरतीला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं, "जागा बदलली, पण जगलो. ह्या शेजाऱ्याच्या छातीवर बसान इलोहा." माझं नाव त्या दिवशी घरोघर झालं. भजनं उशिरापर्यंत चालली, विनू टाळ वाजवून वाजवून थकला आणि झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी नुकतंच उजाडत होतं.

"ऊठ मेल्या. सूर्य ढुंगणार इलो, घंटा झाली, तरी तुझा आपला सुशेगाद. खावचा, पिवचा—"

मी उठून बसलो. तेवढ्यात अनंताच्या मागच्या खिडकीतून, जड, झोपेनं चिकटलेल्या आवाजात उत्तर आलं.

"उठलंय गो आये. पाच मिनटां."

काकीची शिवी मध्येच तुटली. मी खिडकीशी गेलो. ती अनंतासमोर उभी होती, कळशी काखेत, बोट वर केलेलं. ते बोट खाली आलं नाही आणि हललंही नाही. मग खिडकीची झडप उघडली आणि विनूचं डोकं बाहेर आलं. तो अजून पुरता जागा झाला नव्हता. आपण काय बोललो हे त्याला ठाऊक नसावं.

कळशीतलं पाणी सांडत होतं, काकीच्या पायांवर. मग तिला कंठ फुटला.

"पाच मिनटां काय, मेल्या? घोडो झालंस, टक्कल पडला, तरी अजून पाच मिनटां? हो अनंत बघ, कधीचो उठलोहा. आणि थंय तो आमचो शेजारी बघ, खिडकीत तोंड घालून उभो. तेका पण हाक मार. च्या उकळता."

मी चहाला गेलो. विनू मिशीवरची पेस्ट पुसत म्हणाला, "शाळा आमच्या घराच्या पाठीमागंच होती. घंटा व्हायची तरी मी अंथरुणातच. शाळा संपेपर्यंत ह्याच वाक्यानं उठलो, एक शब्द बदलला नाही. मला वाटायचं, ती विसरली असेल."

मी अनंताकडे पाहिलं. इतकी वर्षं त्यानं दुसऱ्याच्या वाटणीच्या शिव्या निमूट खाल्ल्या होत्या, आणि वर फुलंही दिली होती. आता त्या शिव्यांना वाटेकरी आले होते. एक खिडकीतला, एक गडग्यापलीकडचा.

आतून काकी ओरडत होती, कपाचा कान कुणी मोडला म्हणून. मीच मोडला होता. विनू सरकला, मला जागा दिली, आणि आम्ही पायरीवर मांडीला मांडी लावून बसलो. लाल खुर्ची खिळ्यावर टांगलेली होती.